अळंबीची शेती ते अळंबीची शाई

आषाढ लागला आणि भाताची लावणी सुरू झाली, की मावळात डोंगरउतारावर, बांधाच्या कडेला आणि वारुळांवर अळंबी दिसू लागते. खाण्याजोगी असेल तर ती अळंबी किंवा भूछत्र. नसेल तर कुत्र्याची छत्री. वारुळावर उगवणाऱ्या अळंबीला गोव्यात अळमी म्हणतात, तर विदर्भात रानातल्या अळंबीला टेकोडे आणि सात्या अशी नावे आहेत. ढगांच्या गडगडाटाने ती जमिनीतून वर येते, ही समजूत फार जुनी आहे. कालिदासाच्या मेघदूतातही मेघगर्जनेने शिलीन्ध्रे, म्हणजे भूछत्रे, उगवतात असा उल्लेख आहे. जपानमधील इवाते विद्यापीठातल्या संशोधकांनी अळंबी लावलेल्या ओंडक्यांना उच्च दाबाच्या विजेचे क्षणिक झटके दिले, तेव्हा उत्पादन वाढल्याचे त्यांना आढळले. तेव्हा जुन्या समजुतीला हसण्यापूर्वी थोडे थांबावे हे बरे.

काही वर्षांपूर्वी मावळातल्या एका गावी अळंबी लागवडीच्या प्रशिक्षण वर्गात आम्ही बोलत होतो. पिशव्या कशा भराव्यात, बी किती घालावे, हे सारे सांगून झाले. मागच्या रांगेतल्या एक बाई म्हणाल्या, "अहो, पिकवायचं कळलं. पण श्रावणात वाळवायचं कुठं?" सभागृहात हशा पिकला, पण प्रश्न अगदी नेमका होता. अळंबीचा इतिहास पाहिला तर तो अशाच नेमक्या प्रश्नांचा इतिहास आहे. बी कोठून आणायचे, वाफा कशाचा करायचा, माल टिकवायचा कसा, आणि आता अलीकडे, त्याला आकार कसा द्यायचा? या लेखात आपण ही वाट क्रमाने पाहू.

पहिले शेतकरी

अळंबीची शेती माणसाने सुरू केली असे आपण समजतो, पण हा मान वाळवीकडे जातो. सुमारे ३ कोटी वर्षांपूर्वी आफ्रिकेत वाळवीच्या एका गटाने कवकाची शेती सुरू केली. कामकरी वाळव्या लाकूड-पाचोळा खातात आणि अर्धवट पचलेल्या विष्ठेचे वारुळात मधाच्या पोळ्यासारखे सच्छिद्र वाफे रचतात. त्यावर टर्मिटोमायसेस नावाचे कवक वाढते. लाकडातले लिग्निन व सेल्युलोज हे कठीण पदार्थ कवक फोडते आणि वाळवीला पचेल असे अन्न तयार होते. वारुळात उष्णता व ओलावा जवळजवळ स्थिर असतो, आणि नको असलेली बुरशी वाळव्या सतत दूर ठेवतात. पावसाळ्यात या कवकाचे लांब देठ वारुळातून वर येतात आणि जमिनीबाहेर छत्री उघडते. तीच आपली वारुळावरची अळंबी. १९४२ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ रोजे हाइम याने या प्रजातीला टर्मिटोमायसेस हे नाव दिले.

या अळंबीची चव घेतलेला माणूस बाजारातल्या अळंबीला नावे ठेवतो, आणि ते खरेच आहे. परंतु वाळवीच्या मदतीवाचून तिची व्यापारी लागवड करणे माणसाला अजून साधलेले नाही. म्हणूनच वारूळ खणून सगळी अळंबी उपटून नेली तर ते नुसते एका हंगामाचे नुकसान नसते. गोव्यातील कवकतज्ज्ञ नंदकुमार कामत यांनी या अळंबीच्या बेसुमार तोडणीविरुद्ध अनेक वर्षे आवाज उठवला आहे.

येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. रानातली अळंबी विषारी आहे की नाही हे ओळखण्याची घरगुती कसोटी नाही. चांदीचा चमचा काळा पडणे, लसूण रंग बदलणे, किडीने खाल्लेली असणे, या साऱ्या समजुती फसव्या आहेत. अमॅनिटा वंशातील काही जातींमध्ये असलेले अमॅटॉक्सिन शिजवल्याने नष्ट होत नाही. ते पेशीतील आरएनए तयार करणाऱ्या एका विकराला अडवते आणि त्यामुळे यकृताच्या पेशी मरू लागतात. उलट्या-जुलाब सुरू होतात तेच मुळी खाल्ल्यानंतर साधारण ६ ते १२ तासांनी किंवा त्याहून उशिरा. मुलांना अळंबी पाहायला जरूर न्यावे, पण खाण्यासाठी गोळा करायला लावू नये.

ओळख हे शास्त्राचे काम आहे, आणि ते पुण्यात चांगले झाले आहे. उप्पल, पटेल आणि कामत यांनी १९३५ मध्ये तत्कालीन मुंबई इलाख्यातील कवकांची सूची प्रसिद्ध केली. पुढे १९४६ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत, म्हणजे आजच्या आघारकर संशोधन संस्थेत, प्रा. मा. ना. कामत यांनी कवकशास्त्राची परंपरा उभी केली. याच संस्थेने १९८० मध्ये नैऋत्य भारतातील छत्रीधारी कवकांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात साठे आणि देशपांडे यांनी महाराष्ट्रातील जातींची नोंद केली आहे. त्यांच्या नोंदीमागे पावसात सह्याद्री तुडवून जमवलेले नमुने आहेत.

बीजाचे गुपित

माणसाच्या अळंबीशेतीची युरोपातील सुरुवात सतराव्या शतकात पॅरिसच्या आसपास झाली. टरबुजाच्या वाफ्यांत घोड्याची लीद घालत आणि त्या लिदीवर पांढरी अळंबी उगवे. १७०७ मध्ये तूर्नफोर या वनस्पतिशास्त्रज्ञाने तिच्या लागवडीचे वर्णन लिहिले. लिदीत दिसणारे पांढरे धागे हेच तिचे मूळ, हे माळ्यांना कळले होते. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पॅरिसखालच्या दगडाच्या जुन्या खाणींत वाफे घातले जाऊ लागले. खाणीत उन्हाळा-हिवाळा नाही, तापमान सारखे. वाळवीने वारुळात जे साधले होते तेच येथे खाणीने दिले.

पण बी कोठून आणायचे? जुन्या लिदीचे धाग्यांनी भरलेले तुकडे नव्या वाफ्यात पुरायचे, हीच रीत. त्याबरोबर रोगही पुरला जाई. एकदा वाफा नासू लागला की खाणच सोडून द्यावी लागे. १८९० च्या दशकात कोस्तांतँ आणि मात्रुशो या दोन शास्त्रज्ञांनी पॅरिसच्या पाश्चर संस्थेत अळंबीचे बीजाणू निर्जंतुक माध्यमावर रुजवले आणि शुद्ध बी तयार केले. बी विकायला आले, पण ते कसे करायचे हे मात्र बाहेर सांगितले गेले नाही.

हे गुपित फार काळ टिकले नाही. अमेरिकेच्या कृषी खात्यात काम करणाऱ्या बेंजामिन डगर याने दाखवले की बीजाणू रुजवण्याची खटपट करण्याचीही गरज नाही. ताजी अळंबी मधोमध फोडावी, आतला निर्जंतुक गर चिमटीएवढा घ्यावा आणि तो पोषक माध्यमावर ठेवावा. त्यातून तंतू वाढू लागतात. १९०५ मध्ये त्याने ही सारी रीत सरकारी पुस्तिकेत छापून टाकली. आजही जगभर मूळ बी याच तत्त्वावर बनते. हाच डगर पुढे सत्तरी ओलांडल्यावर मातीतल्या सूक्ष्मजीवांकडे वळला आणि त्याने ऑरिओमायसिन हे प्रतिजैविक शोधले. १९३२ मध्ये सिंडेन याने लिदीऐवजी धान्याच्या शिजवलेल्या दाण्यांवर बी वाढवण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. प्रत्येक दाणा हा सुटा ठिपका असल्याने बी सारखे पसरवता येऊ लागले. आपल्याकडे ज्वारी-गव्हाच्या दाण्यांवर पांढरी बुरशी चढलेले जे बी पिशवीतून मिळते, ते त्याचेच वंशज.

पेंढ्यावरचे पीक

बटण अळंबीला कुजवलेले कंपोस्ट आणि गारवा लागतो. लहान शेतकऱ्याला झेपेल अशी अळंबी वेगळ्याच दिशेने आली. पहिल्या महायुद्धाच्या टंचाईच्या काळात, १९१७ मध्ये, जर्मनीत फाल्क याने झाडांच्या बुंध्यांवर धिंगरीची लागवड केली. शिंपल्याच्या आकाराची ही अळंबी लाकूड कुजवणारी आहे. तिला कंपोस्टाची गरज नाही, कच्चा काडीकचरा चालतो.

भारतात १९४३ मध्ये कोइमतूर येथे थॉमस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भाताच्या पेंढ्यावर वाढणाऱ्या व्होल्व्हॅरिएला या अळंबीच्या लागवडीची पद्धत मांडली. १९५० मध्ये म्हैसूरला केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था सुरू झाली. तेथे १९६२ मध्ये झकिया बानो आणि श्रीवास्तव यांनी धिंगरीच्या एका जातीची भाताच्या पेंढ्यावरील लागवड प्रसिद्ध केली. १९६१ पासून सोलन येथे बटण अळंबीचे काम सुरू झाले होते. १९७४ मध्ये जांडाइक आणि कपूर यांनी हिमालयाच्या पायथ्याशी निवडुंगासारख्या एका झुडपावर सापडलेली धिंगरीची जात लागवडीखाली आणली. तिला उष्ण हवा मानवते, म्हणून ती देशभर पसरली. १९८३ मध्ये सोलनला राष्ट्रीय केंद्र आले आणि त्याच वर्षी अखिल भारतीय समन्वित अळंबी प्रकल्प सुरू झाला. त्याच्या पहिल्या केंद्रांपैकी एक पुण्याच्या कृषी महाविद्यालयात होते. मावळातल्या शेतकऱ्याला बी आणि शिक्षण मिळण्याचे ठिकाण त्यामुळे दीड-दोन तासांच्या अंतरावर आले.

मावळाशी याचा संबंध पेंढ्याचा आहे. लोणावळ्याला वर्षाला ४,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो; पुण्यापर्यंत तो ७०० ते ७५० वर येतो. या ओल्या पट्ट्याचे पीक म्हणजे भात. वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्राने आंबेमोहोर आणि आयआर ८ यांच्या संकरातून इंद्रायणी हे वाण काढले आणि ते १९८७ मध्ये प्रसारित झाले. इंद्रायणीचा तांदूळ पुण्या-मुंबईच्या घरोघरी पोहोचला. पेंढा मात्र शेतातच राहिला. तो गुरांना जातो, उडवी रचून ठेवला जातो.

धिंगरीची रीत थोडक्यात अशी. पेंढ्याचे बोटभर तुकडे करून रात्रभर भिजवायचे आणि सुमारे ८० अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवायचे. निथळल्यावर पिशवीत थर देत भरताना ओल्या वजनाच्या २ ते ३ टक्के बी घालायचे. पिशवीला भोके पाडून अंधाऱ्या खोलीत ठेवले की १५ ते २० दिवसांत पेंढा पांढऱ्या धाग्यांनी बांधला जातो. मग पिशवी काढून टाकायची, पाणी शिंपडायचे आणि हवा खेळती ठेवायची. ८० ते ८५ टक्के आर्द्रता लागते. जुलै-ऑगस्टात ती मावळात फुकट मिळते. एक किलो कोरड्या पेंढ्यापासून साधारण अर्धा ते एक किलो ताजी अळंबी मिळते. धिंगरी बीजाणू फार सोडते आणि काही माणसांना त्यांमुळे खोकला व दम्याचा त्रास होतो. म्हणून खोलीत शिरताना नाकातोंडाला फडके हवेच.

चिक्की टिकते, अळंबी टिकत नाही

लोणावळ्याहून परतताना सगळे चिक्की घेतात. महिनाभर डब्यात राहिली तरी तिला काही होत नाही. त्याच रस्त्यावर अळंबी घेतली तर दुसऱ्या दिवशी ती पिवळी पडते आणि तिसऱ्या दिवशी लिबलिबीत होते. फरक पाण्याचा आहे. गुळाचा पाक गोळीबंद होईपर्यंत आटवला की त्यात सूक्ष्मजीवांना वापरता येईल असे पाणी जवळजवळ उरत नाही. अळंबीत ९० टक्के पाणी असते. शिवाय तोडल्यावरही तिचा श्वासोच्छ्वास जोरात चालू राहतो, आणि टायरोसिनेज हे विकर हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने तिचा गर काळपट करते. फोडलेले वांगे काळे पडते तीच ही क्रिया. १८९५ मध्ये बुर्केलो आणि बर्त्राँ यांनी हे विकर प्रथम अळंबीतच शोधले.

म्हणून वाळवणे आले, आणि तेथे त्या बाईंचा प्रश्न उभा राहतो. ज्या हवेत अळंबी उत्तम पिकते, त्या हवेत ती वाळत नाही. हिशेब करून पाहू. १० किलो ताज्या अळंबीपासून १ किलो वाळलेली मिळवायची तर ९ किलो पाणी उडवायचे. एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे २.४ मेगाज्यूल उष्णता लागते. ९ किलोला झाली २१.६ मेगाज्यूल. एक युनिट वीज म्हणजे ३.६ मेगाज्यूल, तेव्हा किमान ६ युनिट हवीत. उष्णता वाया जातेच, त्यामुळे प्रत्यक्षात बरीच अधिक लागतात. आठवी-नववीच्या मुलांना हे गणित जरूर घालावे. सुप्त उष्मा या धड्याचा आणि गावातल्या उत्पन्नाचा संबंध त्यांना चटकन कळतो.

वाळवणाला फळही आहे. वाळलेल्या धिंगरीत वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास किंवा अधिक प्रथिन असते आणि तंतूही भरपूर असतात. अळंबीतल्या अर्गोस्टेरॉलवर सूर्याचे अतिनील किरण पडले की त्याचे ड-२ जीवनसत्त्व होते. ऊन असेल तेव्हा कल्ले वर करून तासभर ठेवलेली अळंबी या दृष्टीने अधिक पौष्टिक ठरते. आणि एकदा भुकटी केली की ती पिठात, आमटीत, पापडात कोठेही जाऊ शकते.

सोऱ्या आणि शाई

भुकटीला आकार देण्याचा प्रश्न आला की आजचे संशोधक छपाईयंत्राकडे वळतात. हे यंत्र कागदावर अक्षरे उमटवत नाही. पिचकारीसारख्या नळीतून पदार्थाची बारीक तार सोडत ते एकावर एक थर रचते आणि त्यातून वस्तू उभी राहते. जो पदार्थ भरायचा त्याला शाई म्हणण्याची पद्धत आहे.

या यंत्राचा इतिहासही अळंबीच्या बियासारखाच आहे. १९८९ मध्ये अमेरिकेत स्कॉट क्रंप याने वितळलेल्या प्लॅस्टिकची तार थरांनी रचण्याच्या पद्धतीचे पेटंट मागितले. पुढची वीस वर्षे ही यंत्रे महाग आणि मोजक्या कंपन्यांच्या हाती राहिली. २००५ मध्ये इंग्लंडमधील बाथ विद्यापीठात एड्रियन बोयर याने अशा यंत्राचे आराखडे सर्वांना खुले करण्याचा प्रकल्प सुरू केला. २००६ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात मलोन आणि लिप्सन यांनी पिचकारीवर चालणारे खुले यंत्र बनवले. त्यावर लोकांनी चॉकलेट, चीज, बिस्किटाचे पीठ असे पदार्थ छापून पाहिले. २००९ मध्ये क्रंपच्या पेटंटाची मुदत संपली आणि यंत्रे स्वस्त झाली. पाश्चर संस्थेतले बी आणि डगरची पुस्तिका यांची येथे आठवण होते.

पण मराठी घरातल्या कोणालाही या यंत्राचे फार नवल वाटू नये. सोऱ्यातून चकली पाडताना आपण काय करतो? दाब दिला की पीठ वाहते, दाब काढला की थांबते आणि अंगावरचे काटे तसेच राहतात. पीठ सैल झाले तर काटे बसतात. घट्ट झाले तर चकली तुटते. शास्त्राच्या भाषेत, पदार्थ वाहू लागण्यासाठी किमान एक ताण द्यावा लागतो, वाहताना त्याची दाटी कमी होते आणि थांबताच ती परत येते. चांगल्या शाईचे गुण हेच. कुरडई तर याहून पुढे जाते. गव्हाचा चीक शिजवताना पिष्टाचे कण पाणी पिऊन फुगतात आणि त्याची खळ होते. ती गरम असताना साच्यातून वाहते आणि उन्हात आकार न सोडता वाळते. मेंदीचा कोन आणि जिलेबीचे भोक पाडलेले फडके हीही याच घराण्यातली साधने. यंत्राने त्यात भर घातली ती हाताच्या जागी संगणकाची. प्रत्येक तार कोठे आणि किती पडावी हे ते सांगते.

अळंबीची शाई करणे मात्र सोपे नाही. आमच्या प्रयोगशाळेत आम्ही आधी ताज्या धिंगरीचा लगदा करून पिचकारीत भरला. दाब दिल्यावर पुढून नुसते पाणी आले, मागे चोथ्याचा गोळा बसला आणि नळी तुंबली. कारण अळंबीच्या पेशींच्या भिंती कायटिनच्या आहेत. खेकड्याच्या कवचात आणि झुरळाच्या पाठीत जे असते तेच हे द्रव्य. १८११ मध्ये फ्रान्समध्ये ब्राकोनो याने ते प्रथम अळंबीतूनच वेगळे केले. कीटकांत ते सापडले त्यानंतर बारा वर्षांनी. हे धागे पाण्यात विरघळत नाहीत, ते नळीच्या तोंडाशी जाळी धरतात. मग आम्ही वाळवून, बारीक दळून, वस्त्रगाळ केलेली भुकटी घेतली. आता उलट अडचण आली. भुकटी पाणी इतके शोषते की अर्ध्या तासात शाई घट्ट झाली. शेवटी भुकटी आधी भिजवून ठेवावी आणि तिला पिठाच्या खळीचा आधार द्यावा, हा मार्ग जमला. कुरडई करणाऱ्या कोणत्याही आजीने तो आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितला असता.

आपल्या देशात या विषयावर तंजावरच्या अन्न प्रक्रिया संस्थेत चांगले काम झाले आहे. १९६७ मध्ये भात प्रक्रियेच्या संशोधनासाठी सुरू झालेली ही संस्था. तेथील आनंदरामकृष्णन यांच्या गटाने अन्न छापणारे यंत्र स्वतः बांधले. २०२० मध्ये त्यांनी बटण अळंबीची भुकटी आणि गव्हाचे पीठ यांच्या मिश्रणातून तंतुयुक्त खाऊ छापल्याचे काम प्रसिद्ध केले. भुकटी एका मर्यादेपर्यंतच वाढवता येते. त्यापुढे तार तुटते आणि आकार बिघडतो.

हे कोणासाठी?

चकली सोऱ्याने पडत असताना यंत्राचा खटाटोप कशाला, असा प्रश्न येणारच. त्याची दोन उत्तरे दिली जातात.

पहिले अंतराळाचे. २०१३ मध्ये नासाने टेक्सासमधील एका लहान कंपनीला अन्न छापण्याच्या यंत्रासाठी १,२५,००० डॉलर दिले. लांबच्या प्रवासात वाळलेल्या भुकट्या न्याव्यात आणि लागेल तसे अन्न छापावे ही कल्पना. ती वृत्तपत्रांत गाजली, पण आपल्या गावाशी तिचा संबंध दूरचा.

दुसरे उत्तर आम्हाला अधिक महत्त्वाचे वाटते. पक्षाघातानंतर किंवा म्हातारपणी अनेकांना गिळता येत नाही. घास श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो, म्हणून त्यांना सारे अन्न वाटून देतात. रोज ताटात करडा लगदा पाहून माणसाची जेवणावरची वासना उडते, आणि तो हळूहळू कमी खाऊ लागतो. युरोपात २०१२ ते २०१५ या काळात अशा वृद्धांसाठी मऊ पण आकार असलेले अन्न छापण्याचा प्रकल्प चालला. २०२१ मध्ये सिंगापूरच्या संशोधकांनी तेथील रुग्णालयाबरोबर मटार, गाजर आणि एका पालेभाजीच्या ताज्या शाया तयार केल्या. कोणत्या भाजीला दाटी आणणारे द्रव्य किती लागते हे त्यांनी ठरवून दिले. अळंबीला येथे जागा आहे. तिच्यात ग्लुटामेट असते, आणि काही अळंब्यांत, विशेषतः शिताके या जपानी अळंबीत, ग्वानिलिक आम्लही असते. या दोहोंमुळे मिठाशिवायही चव भरते, हे कुनिनाका या जपानी शास्त्रज्ञाने १९५० च्या दशकाअखेरीस दाखवले. ज्यांना मीठ वर्ज्य आहे त्यांच्या ताटात ही चव मोलाची आहे.

वर्गात करण्याजोगे

यंत्राशिवाय यातले विज्ञान शिकवता येते. पहिला प्रयोग दाटीचा. गिळण्याच्या विकारासाठी अन्नाची दाटी मोजण्याची एक आंतरराष्ट्रीय पद्धत आहे आणि तिला लागते फक्त १० मिलिलिटरची, सुई नसलेली नवी पिचकारी. दट्ट्या काढून तोंडावर बोट धरावे, १० मिलिलिटर पदार्थ ओतावा, बोट काढून १० सेकंद वाहू द्यावे आणि पुन्हा बोट लावावे. १ मिलिलिटरपेक्षा कमी उरले तर पातळी शून्य, १ ते ४ उरले तर पहिली, ४ ते ८ उरले तर दुसरी, ८ पेक्षा जास्त उरले तर तिसरी. काहीच वाहिले नाही तर चौथी किंवा त्यापुढची. पाणी, ताक, कढी, पातळ पिठले आणि श्रीखंड घेऊन मुलांना पातळ्या लावू द्याव्यात. पिचकारीची लांबी कंपनीगणिक बदलते, म्हणून हे आकडे तुलनेपुरतेच समजावेत. त्यावरून कोणा रुग्णाचा आहार ठरवू नये.

दुसरा प्रयोग शाईचा. बाजारातून आणलेली अळंबी वाळवून दळावी. तांदळाच्या पिठाची उकड काढून तिचे चार समान भाग करावेत आणि त्यांत अळंबीची भुकटी अनुक्रमे अजिबात नाही, एक, दोन आणि चार चमचे अशी मळावी. मेंदीसारख्या कोनात भरून ताटलीत एकावर एक वर्तुळे रचावीत. किती थर उभे राहतात, कोणता कोन तुंबतो आणि तार कोठे तुटते याची नोंद करावी. हाच प्रयोग भुकटी अर्धा तास भिजवून पुन्हा करावा. निष्कर्ष मुलांनी लिहावा, शिक्षकांनी सांगू नये.

तिसरे काम पाहणीचे. आपल्या गावात पेंढ्याचे काय होते? किती गुरांना जातो, किती विकला जातो, किती पडून राहतो? गुरांच्या तोंडचा चारा अळंबीला घातला तर तो नफा होत नाही, हे मुलांच्या लक्षात येईल. अळंबी निघून गेल्यावर उरलेला पेंढा मात्र उत्तम खत होतो.

आता त्या बाईंच्या प्रश्नाकडे. श्रावणात वाळवायचे कुठे, याचे उत्तर छपाईयंत्र देत नाही. उत्तर आहे ते गावाने मिळून घेतलेला एक वाळवण-कक्ष, भाताच्या तुसावर किंवा विजेवर चालणारा, आणि हवाबंद डबे. हे साधे साधन नसेल तर मावळातली अळंबी ताजीच, पडेल त्या भावाने, दोन दिवसांत विकावी लागेल. शाईसाठी लागणारी भुकटी मग दुसरीकडून येईल. वाळवण-कक्ष असेल तर भुकटी गावात होईल, आणि तिचे पापड करायचे, पीठ करायचे की रुग्णालयासाठी शाई करायची, हे गाव ठरवू शकेल.

बियाच्या बाबतीत आणि यंत्राच्या बाबतीत गुपित खुले झाले तेव्हाच ते लहान माणसाच्या हाती आले. शाईच्या पाककृतीही तशाच खुल्या राहिल्या पाहिजेत. पुढच्या पावसाळी सत्रात एखाद्या शाळेने वरील प्रयोग केले तर नोंदवही जपून ठेवावी. कोणत्या पिठाची उकड अळंबीला किती सांभाळते, याची चार शाळांची टिपणे एकत्र आली तरी आमच्यासारख्यांना त्यांचा उपयोग होईल.